चार बोटं पाणी

हौद ठणठणीत कोरडा होता आणि सत्तारचा मोबाईल सांगत होता, हौद अठ्ठ्याण्णव टक्के भरलाय.

सतरा दिवस हेच चाललं होतं. खालच्या वस्तीतल्या बायका रोज सकाळी हौदाच्या कठड्यावरून वाकून बघायच्या. तळाच्या गाळाला भेगा पडलेल्या, कोपऱ्यात कुणाची तरी फुटकी बादली. मग सत्तार यायचा, मोबाईल पुढं धरायचा. "मी काय करू, आक्का? मशीन म्हनतं भरलाय. भरलाय म्हनलं की फाट्यावरचा व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हतो. मी हातबी लावत न्हाई." बायका मोबाईलकडं बघायच्या, हौदात बघायच्या आणि मग सत्तारच्या तोंडाकडं बघत राहायच्या. त्या बघण्याची शिवकन्येला भीती वाटायला लागली होती.

नांदूरघाटाच्या पलीकडची ही चाळीस उंबऱ्यांची वस्ती. वरचं गाव टेकडीवर, त्याच्या दोन किलोमीटर खाली ही. दोघांची मिळून पाणीपुरवठ्याची एक सहकारी संस्था होती. तलावातलं पाणी टेकडीवरच्या टाकीत चढवायचं, तिथून फाट्यावर आणायचं, आणि फाट्यावरून एक लाईन गावाला, एक वस्तीच्या हौदाला. शिवकन्या संस्थेची सचिव. सातवी शिकलेली, अक्षर वळणदार, पण आवाज इतका हळू की सभेत ती काही बोलली तर शेजारणीला ते पुन्हा मोठ्यानं सांगावं लागे. पहाटे अंघोळ करून महादेवाला तांब्याभर पाणी घातल्याशिवाय ती स्वतः घोट घेत नसे. लग्न होऊन आली तेव्हापासूनचा हा नेम. आजारपणात मोडला नाही, बाळंतपणात जावेकडून चालवून घेतला.

आज सोमवार होता आणि अकरा वाजता देवळापुढच्या पारावर संस्थेची सभा होती. विषय एकच, पाणी सोडणारा सत्तार याला कामावरून काढणे. नोटीस शिवकन्येनंच आपल्या वळणदार अक्षरात लिहिली होती. चेअरमन मोहनरावांनी सांगितलं तसं लिहिलं, 'सील तोडून पाण्याची चोरी केल्याबद्दल.' 'चोरी' लिहिताना पेन थोडं अडलं होतं. पण अडलेलं पेन कुणाला दिसत नाही.

सीलाची गोष्ट अशी. पूर्वी पाणी सोडणं हाताचं काम होतं आणि दर उन्हाळ्यात भांडणं व्हायची, ह्याला जास्त सोडलं, त्याला कमी सोडलं. म्हणून दोन वर्षं पावसानं दगा दिल्यावर संस्थेनं मोटारीचा व्हॉल्व्ह बसवला आणि त्याचं हाताचं चाक पेटीत बंद करून पेटीला शिशाचं सील ठोकलं. आता माणसाचा हातच नको. सत्तारचं काम उरलं ते मोबाईल बघायचं, गळती शोधायची, पंपाला तेलपाणी करायचं. आणि आठ दिवसांपूर्वी ते सील तुटलेलं सापडलं. विचारल्यावर सत्तारनं लपवलं नाही. "मीच तोडलं," म्हणाला. का तोडलं, ते मात्र त्यानं सांगितलं नाही. त्या दिवशी दुपारी वस्तीच्या हौदात अर्धा तास पाणी पडलं होतं, एवढं सगळ्यांनी पाहिलं होतं. यंत्रानं पुन्हा ते बंद केलं.

"म्हंजे ह्याच्या हातात व्हतं तर!" विमलबाई तेव्हा कडाडली होती. वस्तीत तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. "मनात आलं तवा सोडलं, मनात आलं तवा बंद केलं. आन् वर मोबाईल दाखवतोय आमाला!"

त्यानंतर चौथ्या दिवशी सरकारी टँकर पुन्हा आला तेव्हा सत्तारची बायको गौसिया दोन घागरी घेऊन रांगेत उभी होती. बायकांनी तिला मागं सारलं. एकीनं सारलं, दुसरीनं सारलं. सारत सारत तिचा नंबर आला तेव्हा टँकरच्या पाईपातून नुसती हवा येत होती. गौसियानं रिकाम्या घागरी काखेला लावल्या आणि गेली. शिवकन्या तिथंच होती. ती काही बोलली नाही. हळू बोलणाऱ्या माणसाचं गप्प बसणं कुणाच्या लक्षातही येत नाही.

आज, सोमवारी पहाटे शिवकन्या देवळात पोचली तेव्हा फटफटत होतं. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उत्तरेश्वर गुरव कंदील धरून उभे होते. आत पाणी काठोकाठ, आणि पाण्याखाली पिंड.

हेही सांगायला हवं. आषाढ कोरडा गेला तेव्हा वस्तीनं महादेव कोंडला होता. गोमुख चिंध्या आणि चिकणमातीनं बुजवायचं, गाभारा पाण्यानं भरायचा, पिंड बुडवायची आणि पाऊस पडेपर्यंत बुडालेलीच ठेवायची. देवाचा जीव गुदमरला की तो ढगांना हाका मारतो, अशी समजूत. पुढाकार शिवकन्येचा. अर्ध्या कोसावरच्या हातपंपाचं मचूळ पाणी, माणसाच्या घशाखाली न उतरणारं, ते बायकांनी डोक्यावरून आणून गाभारा भरला. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सगळ्यांच्या अंगावर काटा आला होता. पाणी चार बोटं उतरलेलं! गोमुख तर कोरडं, थेंबही बाहेर नाही.

"देव पितोय," उत्तरेश्वरकाका म्हणाले होते.

तेव्हापासून रोज देव चार बोटं पाणी प्यायचा आणि रोज बायका वीस-बावीस घागरी घालून ते भरून काढायच्या. देवळामागच्या बेलाला त्या रखरखाटात कोवळी पालवी फुटली. वरच्या गावचे लोक बघायला आले, हात जोडून गेले. हौद आटला तेव्हा बायका म्हणाल्या, देव परीक्षा घेतोय, आणि घागरी वाढल्या.

शिवकन्येनं तांब्या वाहिला. पाणी आज केशरी-पिवळं दिसत होतं. काल प्रदोष होता, विमलबाईनं नवसाचं पावशेर अष्टगंध आणून पाण्यात कालवलं होतं. त्याचा वास अजून गाभाऱ्यात कोंडून होता.

सोमवारचा एकशे आठ बेल वाहायचा म्हणून ती देवळामागं गेली. वरची पानं तोडायला टाचा उंचावल्या आणि उजवा पाय जमिनीत रुतला. मऊ, गार. तिनं पाय काढला तर पावलाच्या खळग्यात पाणी जमायला लागलं. दोन वर्षं पाऊस नाही, सतरा दिवस नळ नाही, आणि जमिनीतून पाणी! तिला पहिल्यांदा वाटलं, झरा फुटला. महादेवानं ऐकलं. हात जोडण्याआधी तिनं त्या पाण्यात बोट बुडवलं आणि कपाळाला लावलं.

बोटाला अष्टगंधाचा वास येत होता.

तिनं मान वर केली. समोर दोन हातांवर कुंडी होती. जमिनीत पुरलेली जुनी दगडी कुंडी, गाभाऱ्याच्या मागच्या भिंतीला खेटून. पूजेच्या पाण्यासाठी कुणी पूर्वजानं ती हौदाशी एका नळीनं जोडली होती. आता तिच्यावर लोखंडी झाकण आणि कुलूप होतं, कारण तिच्यातच ती संस्थेची कांडी होती, पाणी किती आहे ते बघून मोबाईलला कळवणारा सेन्सर.

आणि तो तिथं बसवायला शिवकन्येनंच सांगितलं होतं.

चैत्रातली गोष्ट. बीडहून आलेला इंजिनिअर, तरुण, घामानं शर्ट चिकटलेला, हौदाच्या कठड्यावर बसून तिला समजावत होता. "ताई, यंत्र कुठलंही घ्या, दोनच गोष्टी नीट ठरवाव्या लागतात. पाणी बघायचं कुठून आणि वळवायचं कुठून. वळवायचं फाट्यावर, त्यात वाद नाही. बघणारं मात्र शेवटच्या माणसाला पाणी मिळतंय का ते बघेल, अशा जागी पाहिजे. हौदातच बसवू, मधोमध."

"हौदात नको, साहेब," ती म्हणाली होती. "पोरं दगडं टाकतात. मागल्या साली पंपाची तार कापून नेली कुणी. त्यापेक्षा देवळामागच्या कुंडीत बसवा. महादेवाच्या आवारातली सुई कुणी उचलत न्हाई."

इंजिनिअर हसला होता. "देवाला राखण करायला लावता?" मग कुंडी बघून, नळी बघून म्हणाला होता, "चालेल. नळी मोकळी असली की दोन्हीकडं पाणी एकाच उंचीला राहतं. कुंडीत दिसेल तेच हौदात. नळी तेवढी मोकळी ठेवा."

ती मान हलवून घरी गेली होती. नळी मोकळी आहे का, हे पुन्हा कुणी बघितलं नव्हतं.

"काका, किल्ली द्या कुंडीची," गाभाऱ्याच्या दाराशी येऊन ती म्हणाली.

उत्तरेश्वरकाका चमकले. "आत्ता? देव कोंडल्यावर आवारात लोखंड वाजवायचं न्हाई, तूच तर नेम घातलास. सत्तारनं चारदा मागितली किल्ली. तवा तूच म्हनलीस, पाऊस पडू द्या, मंग बघा."

म्हटलं होतं. सत्तार आवाराच्या भिंतीबाहेर चप्पल काढून उभा होता आणि विनवत होता, "आक्का, एकदा झाकन उघडून बघू द्या. मी न्हाई येत आत. काकांनाच बघू द्या." आणि ती हळू आवाजात, अगदी गोड शब्दांत, नाही म्हणाली होती.

"द्या काका," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, काकांनी कनवटीची किल्ली काढली.

झाकण उघडलं. कुंडी काठोकाठ भरलेली होती. पाणी केशरी-पिवळं. मध्ये ती पांढरी कांडी उभी आणि तिच्या डोक्यावर बारकासा लाल दिवा शांतपणे उघडझाप करत होता. अठ्ठ्याण्णव टक्के. भिंतीच्या दोन दगडांच्या सांध्यातून पाण्याची बारीक धार आवाज न करता कुंडीत उतरत होती. काठाच्या खाचेतून जास्तीचं पाणी बेलाच्या मुळाशी मुरत होतं.

शिवकन्येनं कोपर बुडेपर्यंत हात घालून नळीचं तोंड चाचपलं. बोटांना पानांचा लगदा लागला आणि बेलाची केसांसारखी मुळं, गच्च, वळलेली. नळी बंद. कधीची बंद होती कोण जाणे. हौद एकीकडं तहानलेला आणि कुंडी दुसरीकडं तुडुंब, आणि यंत्र बिचारं कुंडीकडं बघून खरं तेच सांगत होतं.

तिनं मनात दिवस मोजले. महादेव कोंडला त्याच्या तिसऱ्या दिवशी हौदाचं पाणी थांबलं होतं.

"काका," ती म्हणाली. "देव पीत न्हवता."

काका कंदील खाली ठेवून कुंडीशी बसले. सत्तर वर्षांचा माणूस, उभा जन्म ह्या पिंडीपाशी गेलेला. मग त्यांनी धारेखाली ओंजळ धरली, हुंगली आणि पाणी सोडून दिलं.

"कुनाला सांगू नगंस," ते म्हणाले.

"काका..."

"ऐक माझं. आत्ता मी कांबी घालून नळी मोकळी करतो. कुंडीतलं पाणी हौदाला जाईल, कांडी म्हनेल रिकामं झालं, फाट्याचा व्हॉल्व्ह उघडंल. दुपारपतूर हौदात पाणी. झालं ना? पाणीच पाहिजे ना लोकांना? ते मिळतंय. मग देव पितो का न्हाई हे चव्हाट्यावर आणून कुनाचं भलं हुनार हाय? बायका तीन आठवडे डोक्यावरून घागरी वाहत्यात, शिवकन्ये. मानांना गाठी आल्यात त्यांच्या. त्यांना काय सांगशील?"

तिला ते पटलं. खरंच पटलं. क्षणभर तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. नळी मोकळी, पाणी वाहतं, देवाची अब्रू शाबूत, आपलीही. बायका म्हणतील, महादेव पावला.

आणि मग तिला पुढचं दिसलं आणि तिनं कुंडीचा काठ धरला.

"काका, अकरा वाजता सत्तारला काढत्याल. आन् बारा वाजता हौदात पाणी पडंल."

काकांनी तिच्याकडं बघितलं.

"जन्मभर लोक म्हनत्याल, चोर गेला आन् पाणी आलं," ती म्हणाली.

"तो जाईल दुसरीकडं पोट भरायला. मेस्त्री मानूस हाय, कुटंबी काम मिळंल."

"आन् गौसिया? ह्याच वस्तीत ऱ्हाती ना ती?"

काकांनी कंदील उचलला, विझवला. उजाडलं होतं.

अकरापर्यंतचे ते तास शिवकन्येनं कसे काढले, ते तिचं तिलाच नंतर सांगता आलं नाही. भाकरी थापली, एक करपली. देव्हाऱ्यापुढं बसून जप करायला घेतला तर माळ हातात तशीच राहिली. सारखं एकच डोळ्यांपुढं, भिंतीतून उतरणारी ती मुकी धार. बावीस घागरी रोज. सूरजा नावाची वस्तीतली पोर पोटात सात महिन्यांचं घेऊन घागर आणायची, तिला शिवकन्येनंच शाबासकी दिली होती. देवा, मी हे काय केलं तुझ्या नावानं, असं तिच्या मनात आलं आणि रडू मात्र आलं नाही. रडू यायलाही माणूस थोडा भानावर असावा लागतो.

सभेला सगळी वस्ती लोटली. वरच्या गावचे दहा-पंधरा जण जीपमधून आले. पारावर मोहनराव बसले, पांढरं धोतर, खिशाला दोन पेनं. शेजारी शिवकन्या ठरावाची वही मांडीवर घेऊन. बायका लिंबाखाली दाटीवाटीनं, सगळ्यांत पुढं विमलबाई आणि तिच्याजवळ तिची सासू छबुबाई. छबुबाई ऐंशीच्या घरातली, कानानं मंद, पण सभा म्हटली की तिला यायचंच असे. गौसिया सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून. सत्तार पारापुढं उभा. त्यानं पंपाच्या किल्ल्यांचा जुडगा आणि तो मोबाईल आधीच पारावर ठेवून दिला होता.

"बोल बे सत्तार," मोहनराव म्हणाले. "सील कावून तोडलं?"

"तोडलं, साहेब."

"तोडलं हे समद्यांना ठाव हाय. कावून?"

सत्तार खाली बघत राहिला.

"काय बोलंल तो!" विमलबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "वरच्या गावात डब्बल पाणी चाललंय, आन् आमच्या हौदात पाली फिरत्यात. किती कलदार मिळाले रं, भाऊ? आमी दिले असते की दोन जास्ती!"

बायका हसल्या. वरच्या गावचा कुणीतरी ओरडला, "ए बाई, आमच्यावर कावून घसरती?" दोन्हीकडून आवाज चढले. मोहनरावांनी हात वर केला. "बास. सचिव, ठराव वाचा आन् सह्या घ्या."

शिवकन्या उठली. वही उघडली. मग वही मिटून पारावर ठेवली आणि म्हणाली, "सत्तारभाईनं पाणी चोरलं न्हाई."

कुणालाच ऐकू गेलं नाही. "मोठ्यानं बोला की, वहिनी!" मागून एकजण ओरडला. "का देवाला कौल लावताय?" हशा झाला.

तिनं पदर सावरला. हौदाकडं, देवळाकडं बघितलं आणि पोटातून आवाज काढला. "सत्तारनं न्हाई. पाणी मी बंद केलं."

मागचे लोक पुढं सरकले.

तिनं सांगितलं. अडखळत सांगितलं, मधले शब्द गिळत, पण सगळं सांगितलं. कांडी कुंडीत बसवायला मी सांगितलं. नळी बुजली ती कुणी बघितली नाही. देव कोंडला तेव्हा गाभाऱ्याचं पाणी भिंतीतून कुंडीत गळायला लागलं. कांडीला वाटलं हौद भरला. सत्तार झाकण उघडा म्हणत होता, मी उघडू दिलं नाही.

"काहीतरी बोलू नगंस!" विमलबाई ताडकन उभी राहिली. "देव पितो पाणी. समद्या मुलखानं बघितलंय. तुला कुनी पढवलं हे? सत्तारनं?"

शिवकन्येनं पाराखाली ठेवलेला तांब्या उचलला. येताना कुंडीतून भरून आणला होता. तो विमलबाईपुढं धरला. "हे कुंडीतलं हाय. बघा."

विमलबाईनं तांब्यात बघितलं. पिवळं पाणी. तिनं नाकाशी नेलं. तिचंच अष्टगंध, अंबाजोगाईच्या दुकानातून निवडून आणलेलं, तिला वास कसा नाही ओळखू येणार? तिचा चेहरा बघता बघता उतरला. तांब्या शेजारणीकडं गेला, शेजारणीकडून पुढं. जिच्या हातात जाई ती हुंगे आणि पुढं देई. कुणीतरी काकांकडं बघितलं. उत्तरेश्वरकाका देवळाच्या पायरीवर बसले होते. त्यांनी मान हलवली, होय म्हणून.

"मंग देव पीतच न्हवता?" विमलबाई म्हणाली. तिच्या आवाजातली सगळी धार गेली होती. लहान पोरीसारखं विचारलं तिनं.

"मला न्हाई ठाव," शिवकन्या म्हणाली. "पाणी कुटं गेलं तेवढंच दिसलं मला."

मोहनराव घसा खाकरत म्हणाले, "दाखवा तर खरं."

"सत्तारभाई, या," शिवकन्या म्हणाली. "तुमीच काढा कांडी."

सत्तार हलला नाही. "देव कोंडलेला हाय, आक्का."

"या तुमी."

त्यानं चपला काढल्या आणि आवाराची भिंत ओलांडली. सगळी वस्ती मागं. त्यानं गुडघ्यावर बसून कुंडीत बघितलं, भिंतीतली धार बघितली. सतरा दिवस ज्यानं त्याला खोटं पाडलं होतं, ते हे एवढंसं पाणी. मग त्यानं दोन्ही हातांनी कांडी उचलून बाहेर काढली आणि तिचं पाणी निथळू दिलं.

मोहनरावांनी पारावरून उचलून आणलेल्या मोबाईलवर आकडा पडला. शून्य. मागोमाग अक्षरं आली, 'वस्ती व्हॉल्व्ह उघडत आहे.' मोहनरावांनी ती वाचली आणि चष्मा काढून पुन्हा वाचली.

पाणी यायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास कुणी घरी गेलं नाही, कुणी फारसं बोललं नाही. बायका हौदाच्या कठड्याभोवती उभ्या राहिल्या. आधी पाईपातून हवा आली, खोकल्यासारखी. मग तांबडं पाणी, मग पांढरं. तळाच्या भेगांमध्ये ते शिरलं तेव्हा मातीनं सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला. सूरजा खाली बसून रडायला लागली.

मोहनराव पारावर परत आले, मागोमाग सगळे पुन्हा येऊन बसले. किल्ल्यांचा जुडगा उचलून सत्तारपुढं केला. "घे. झालं गेलं सोडून दे. मानसाची चूक व्हती."

सत्तारनं हात पुढं केला नाही.

"चूक तुमची व्हती ती कळली, साहेब. माझ्यावरचा डाग तसाच हाय. सील मी तोडलं, ते वहीत लिहिलंय. ते खोडू नका. पन पुढं लिहा की चोरीसाठी न्हाई तोडलं."

"मंग कशासाठी?" शिवकन्येनं विचारलं. तिच्या ध्यानात आलं, इतक्या दिवसांत आपण हे एकदाही विचारलं नव्हतं. मोहनरावांनी विचारलं होतं, पण ते दरडावून.

सत्तारनं एकदा बायकांकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. "ते ऱ्हाऊ द्या, आक्का. चारचौघांत सांगायजोगं न्हाई."

"बघा, अजून लपवतोय," वरच्या गावचा तो माणूस पुटपुटला.

तेवढ्यात छबुबाईनं सुनेचा पदर ओढला. "काय म्हनत्यात गं? कशाचं सील?"

विमलबाईनं कानाशी वाकून सांगितलं. व्हॉल्व्हच्या पेटीचं सील. त्या दिवशी अर्धा तास पाणी आलं होतं बघा, तेव्हा यानं तोडलं, म्हणून चोर ठरवला.

म्हातारी काठी टेकत उठली. तिला उठायला वेळ लागला. सगळे थांबले.

"त्या दुपारी मी व्हते हौदात," छबुबाई म्हणाली. कानानं मंद माणसं बोलतात तसं, नको इतक्या मोठ्यानं. "टँकरचं पाणी पोरांना पुरत न्हवतं. मी मागायची कशी? म्हनलं, हौदाच्या खड्ड्यात वाटीभर निघंल. सळ्यांच्या पायऱ्यांनी उतरले. वाटीनं गाळ निपटला. चढायला येईना. ह्यानं बघितलं, ह्यो उतरला, पाठीवर घेऊन वर काढलं मला. मी म्हनलं, बाबा, कुनाला सांगू नगं, माझ्या सुनेला लोक नावं ठेवत्याल. त्यो म्हनला, न्हाई सांगत, आजी. आन् पळत फाट्याकडं गेला. त्यापायी चोर म्हनताय व्हय त्याला? मला कुनी सांगितलंच न्हाई!"

विमलबाई मटकन खाली बसली. त्या दुपारीही तिनं देवाला दोन घागरी घातल्या होत्या. तिनं सत्तारकडं बघितलं, सासूकडं बघितलं आणि पदर तोंडात कोंबला.

गौसिया भिंतीपासून पुढं आली होती. ती नवऱ्याकडं बघत होती; हे तिलाही आत्ताच कळत होतं.

"लिही, शिवकन्ये," छबुबाई म्हणाली. "माझं नाव घालून लिही."

शिवकन्येनं वही मांडीवर घेतली. 'चोरी' ह्या शब्दावर तिनं आडवी रेघ मारली, तरी तो खालून दिसतच राहिला. मग नव्या ओळीवर लिहिलं, सील सत्तारनं तोडलं, छबुबाई पाण्यासाठी हौदात उतरून अडकली होती, तिला वर काढल्यावर पाणी सोडायला तोडलं. पाणी बंद होण्याचा दोष सचिवाचा. अक्षर वेडंवाकडं आलं. तिनं वही सत्तारपुढं केली.

"सही कुटं करू?" सत्तारनं विचारलं.

तिनं बोट ठेवलं. तो वाकून सावकाश सही करू लागला. मागं हौदात पाणी पडत होतं, पांढरं, जोरानं, आणि घागर घेऊन अजून कुणीच उठलं नव्हतं.